फेलोशिपच्या पैशावर टॅक्स लागतो का? पीएचडी करणाऱ्यांसाठी, आणि त्यांच्या आईबाबांसाठी पण

मे महिन्यात देवगडला घरी होते, आंबा उतरवायची गडबड चाललेली, आणि मी पडवीत लॅपटॉप घेऊन बसलेली कारण फॉर्म २६एएस मध्ये (पॅनवर किती टॅक्स कापलाय ते दाखवणारा तक्ता) माझ्या नावावर टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून घेतलेला टॅक्स, दिसत होता. बाबा पेटी बांधता बांधता म्हणाले, "अगो, सरकार पैसे दिता आणि सरकारच कापून घेता?" आणि लगेच पुढचा प्रश्न, तुझी फेलोशिप माझ्या उत्पन्नात धरूची काय? तेव्हापासून रत्नागिरी, दापोलीच्या निदान सातआठ जणांनी मला हेच दोन प्रश्न विचारलेत, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

आधी बाबांचा प्रश्न, कारण तो सोपा आहे. मूल १८ च्या वर गेलं की त्याचं उत्पन्न त्याचं, पॅन त्याचा, रिटर्न त्याचं. तुम्ही घरी जेवता, फी बाबा भरतात, रेशनकार्डावर नाव आहे, याने इन्कम टॅक्सला काही फरक पडत नाही. १८ च्या आतल्या मुलांचं उत्पन्न पालकांच्या उत्पन्नात धरतात, पण पीएचडीला तसं कोण असणार. गोंधळ कुठून होतो तर यूट्यूबवरून. अमेरिकेचे व्हिडिओ बघतात लोक, तिथे आईवडिलांवर अवलंबून असलेला विद्यार्थी हा टॅक्समधला वेगळा प्रकार आहे आणि ट्युशनसाठी मिळालेली स्कॉलरशिप माफ असली तरी राहण्याखाण्यासाठी मिळालेल्या स्टायपेंडवर टॅक्स लागतो. आपल्याकडे ते काही नाही.

आपल्याकडे प्रश्न एकच, पैसे शिकण्यासाठी मिळतायत की कामासाठी. आयकर कायदा १९६१ चं कलम १०(१६) सांगतं की शिक्षणाचा खर्च भागवायला दिलेली स्कॉलरशिप करमुक्त आहे. त्यात रकमेची मर्यादा नाही, आणि टॅक्सची जुनी रिजीम (पद्धत) घ्या नाहीतर नवी, सूट दोन्हीकडे आहे. यूजीसी किंवा सीएसआयआरची जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप), बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांची पीएचडी फेलोशिप, हे सगळं इथे बसतं. त्यासोबत येणारा एचआरए (घरभाडे भत्ता) पण फेलोशिपचाच भाग, तो पगारदारांच्या एचआरएसारखा भाडेपावत्या लावून हिशोबात धरायचा नसतो.

आता जिथे बसत नाही ते. कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवता त्याचं मानधन, ते कामाचे पैसे, टॅक्सेबल. बँकेचं व्याज टॅक्सेबल. आणि सगळ्यात चिवट प्रकार म्हणजे प्रोजेक्टवरची पोस्ट. नाव कधी प्रोजेक्ट असिस्टंट, कधी प्रोजेक्ट फेलो, पण नावावर जाऊ नका, पत्र वाचा. पत्रात नेमणूक, मानधन, हजेरी, रजा असं असेल आणि पीएचडीचा उल्लेखच नसेल तर तो पगार आहे असं धरून चाला. पत्रात अमुक विषयातल्या पीएचडी संशोधनासाठी फेलोशिप मंजूर असं असेल तर तुमची बाजू भक्कम. पीएचडी झाल्यावरच्या रिसर्च असोसिएटशिपला मी स्वतः १०(१६) लावायला धजणार नाही, तिथे सीएला विचारा.

कोणी म्हणेल, एवढं कशाला, १२ लाखापर्यंत टॅक्सच नाही ना? बरोबर आहे, म्हणजे अर्धं बरोबर आहे. जेआरएफ १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० आहे, वर्षाचे ४,४४,०००. समजा हे चुकून पगार म्हणून दाखवलं, तर २०२५-२६ साठी नव्या रिजीममध्ये ७५,००० स्टँडर्ड डिडक्शन (पगारदारांना मिळणारी ठराविक वजावट) जाऊन राहतात ३,६९,०००, ४ लाखाच्या मूळ मर्यादेच्या आत, टॅक्स शून्य. पण फेलोशिप दर महिन्याला येते कुठे? ती येते पाऊस आल्यासारखी, दोन वर्षं कोरडी आणि मग एकदम. समजा तीन वर्षांचे एकत्र आले, दोन वर्षं जेआरएफ आणि एक वर्ष एसआरएफ (पुढची, सीनियर रिसर्च फेलोशिप) ४२,००० ने, एचआरए सोडून झाले १३,९२,०००. हे पगार म्हणून दाखवलं तर डिडक्शननंतर १३,१७,००० आणि सेससकट टॅक्स ८०,६५२ रुपये. तेच १०(१६) मध्ये दाखवलं तर शून्य. म्हणजे जवळजवळ दोन महिन्यांची फेलोशिप एका चुकीच्या रकान्यामुळे गेली असती.

तर करायचं काय. सुरुवात पत्रापासून. अवॉर्ड लेटर, गाइडची नेमणूक, पीएचडी रजिस्ट्रेशनचं पत्र, वर्षाचं फेलोशिपचं स्टेटमेंट, सगळ्याची पीडीएफ एका फोल्डरमध्ये टाका. मग इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर लॉगिन करून २६एएस आणि एआयएस (तुमच्या पॅनवरच्या सगळ्या व्यवहारांचं वार्षिक पत्रक) दोन्ही बघा. टीडीएस नसेल तर चिंताच नाही. असेल तर कुठल्या कलमाखाली कापलाय ते बघा, १९२ म्हणजे त्यांनी तुम्हाला नोकर धरलंय, १९४जे म्हणजे प्रोफेशनल धरलंय आणि १० टक्के कापलेत. माझा १९४जे मध्ये होता. अकाउंट्स सेक्शनला गेले तर तिथले म्हणाले मॅडम सगळ्यांचाच कापतो, तुम्ही रिटर्न भरा मिळेल परत. सहा हेलपाटे घातले, दोन अर्ज दिले, पुढच्या वर्षीपासून कापणं थांबलं पण कापलेलं काही त्यांनी दुरुस्त केलं नाही. तरी अर्ज द्याच, लेखी द्या, पोच घ्या, उद्या नोटीस आली तर ती पोच कामाला येते.

एआयएसमध्ये त्या एन्ट्रीसमोर फीडबॅक देता येतो, त्यात उत्पन्न करपात्र नाही असा पर्याय आहे, तो निवडा. मग आयटीआर-१, म्हणजे सहज. त्यात करमुक्त उत्पन्नाच्या रकान्यात कलम १०(१६) निवडून वर्षभरात मिळालेली फेलोशिप टाका, व्याज इतर उत्पन्नात, आणि टीडीएस त्याच्या जागी. करमुक्त आहे म्हणून दाखवायचंच नाही असं करू नका, टीडीएस परत मागता आणि पैसे कुठले ते सांगत नाही म्हटल्यावर सिस्टिम अडकवणारच. दाखवूनही डिफेक्टिव्ह रिटर्नची नोटीस येऊ शकते, घाबरायचं नाही, १५ दिवसांत पोर्टलवरच उत्तर द्यायचं.

आपल्या कोकणातली एक गोम इथे आहे. सातबाऱ्यावर तुमचंही नाव असेल आणि बागेच्या उत्पन्नातला तुमचा वाटा वर्षाला ५,००० च्या वर असेल तर आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ लागतो. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, पण बाकीचं करपात्र उत्पन्न मूळ मर्यादेच्या वर असेल तर टॅक्सचा दर ठरवताना ते धरतात. माझं नाव आजोबांच्या पश्चात चढलं होतं हे मला तलाठ्याकडे गेल्यावर कळलं, तोपर्यंत दोन वर्षं सहज भरून मोकळी.

दुसरी गोम एफडीची. फेलोशिप करमुक्त म्हणून तिची एफडी केली तर व्याज करमुक्त होत नाही. आणि जॉइंट एफडीत बाबांचं नाव पहिलं घातलं की बँक व्याज आणि टीडीएस बाबांच्या पॅनवर दाखवते, मग ते विचारतात हे कुठून आलं. स्वतःच्या पैशाची एफडी करताना पहिलं नाव स्वतःचं लावा. घरी पैसे पाठवता त्याचा मात्र काही प्रश्न नाही, आईबाबांना दिलेल्या पैशावर त्यांना टॅक्स लागत नाही.

तारखा लक्षात ठेवा. आयटीआर-१ आणि २ ला साधारण ३१ जुलै, चुकलं तर ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचं. भरल्यावर ३० दिवसांत ई-व्हेरिफाय, आधार ओटीपीने दोन मिनिटांत होतं, पण आधारला नंबर गावचा जुना जोडलेला असेल तर तो आधी बदलून घ्या. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा २०२५ लागू झालाय, त्यात कलमांचे नंबर वेगळे आहेत, पण २०२५-२६ च्या कमाईचं रिटर्न जुन्या कायद्यानेच भरायचं, म्हणून १०(१६) हाच आकडा शोधा.

आणि रिफंड ज्या खात्यात हवाय ते खातं पोर्टलवर आधी व्हॅलिडेट करा. माझं खातं गावच्या शाखेतलं, बँकेत नाव "कुमारी" सकट आणि पॅनवर त्याशिवाय, त्यामुळे व्हॅलिडेशन फेल होत राहिलं आणि रिफंड परत गेला. शाखेत जाऊन नाव दुरुस्त केलं, पोर्टलवर रिफंड रीइश्यूची रिक्वेस्ट टाकली आणि गणपतीच्या आदल्या आठवड्यात पैसे जमा झाले, तेव्हा बाबांना मेसेज दाखवला. ते म्हणाले, "व्याज दिल्यानी काय?" दिलं होतं, महिन्याला अर्धा टक्का, आणि तेही पुढच्या वर्षीच्या रिटर्नमध्ये इतर उत्पन्नात दाखवायचं असतं.