पाठ कुठे दुखते यापेक्षा कधी दुखते ते आधी सांगा

डॉक्टरांसमोर बसल्यावर कुठे दुखतंय हे आपण हात ठेवून दाखवतो. कधी दुखतंय हे मात्र बहुतेकांच्या सांगण्यात येतच नाही. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे पाठीच्या कण्याच्या सांध्यांना सूज येणारा संधिवात, ओळखायचा तर तेच सर्वांत महत्त्वाचं असतं.

मी साताऱ्याला शाळेत गणित शिकवते. हा आजार मला चोविशीत सुरू झाला. दिवसभर फळ्यापाशी उभी असताना पाठीची तक्रार नसायची. पहाटे तीन-चारला मात्र दुखण्याने जाग यायची, कूस बदलणं नको व्हायचं आणि उठल्यावर कंबर सुटायला तासभर लागायचा. वजन उचलून उसण भरली की आडवं झाल्यावर बरं वाटतं. इथे उलटं होतं: पडून राहिलं की पाठ आखडते, हिंडलं-फिरलं की सैल पडते.

अशी पाठदुखी चाळिशीच्या आत, नकळत सुरू झाली असेल, तीन महिने उलटूनही थांबत नसेल, सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकत असेल, कधी डाव्या तर कधी उजव्या कुल्ल्यात दुखत असेल, तर संधिवाततज्ज्ञांना, म्हणजे ऱ्हुमॅटॉलॉजिस्टना दाखवा. टाच दुखत असेल तर तेही सांगा. आणि बायकांनो, ‘बाळंतपणानंतर कंबर दुखायचीच’ एवढ्यावर समाधान मानू नका. हा पुरुषांचा आजार आहे असा समज फार वर्षं होता, त्यामुळे आपलं निदान अजूनही उशिरा होतं.

आत घडतं ते असं. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते. सूज बहुधा एसआय जॉइंटमध्ये सुरू होते. माकडहाडाच्या वरचं त्रिकोणी हाड दोन्ही बाजूंनी कमरेच्या हाडांना जिथे जोडलेलं असतं, ते हे सांधे. सूज वर्षानुवर्षं राहिली तर काहींच्या मणक्यांमध्ये नवं हाड तयार होऊन मणके एकमेकांना चिकटतात. सगळ्यांचं तिथवर जात नाही.

एक्स-रेमध्ये हा बदल दिसायला काही वर्षं जाऊ शकतात, म्हणून सुरुवातीला एमआरआय लागतो. पण कशाचा, ते विचारा. माझा आधी फक्त कमरेच्या मणक्यांचा काढला होता, आणि त्यात ‘थोडी गादी सरकलीय’ एवढंच निघालं. एसआय जॉइंटचा काढल्यावर सूज स्पष्ट दिसली. ईएसआर आणि सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या चाचण्या नॉर्मल आल्या तरी आजार असू शकतो. एचएलए-बी२७ या जनुकाचा याच्याशी संबंध १९७३मध्ये सापडला, पण ही चाचणी पॉझिटिव्ह आलेल्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही. तेव्हा भावाबहिणींच्या चाचण्या करत सुटू नका. त्यांची पाठ अशी दुखत असेल तरच दाखवा.

निदान झाल्यावर एक वही घाला. टाचा आणि पाठ भिंतीला लावून उभं राहा. हनुवटी वर न उचलता डोक्याची मागची बाजू भिंतीला टेकली पाहिजे. टेकत नसेल तर मधलं अंतर मोजून लिहा. मग शिंप्याच्या टेपने छातीचा घेर मोजा, एकदा पूर्ण श्वास सोडून आणि एकदा पूर्ण भरून. फरक अडीच सेंटिमीटरच्या आत आला तर डॉक्टरांना सांगा. तिसरं माप घरातल्या कुणाकडून घ्यायचं. कमरेवरच्या दोन खळ्यांच्या मधोमध एक खूण, तिच्या वर बरोबर १० सेंटिमीटरवर दुसरी. गुडघे न वाकवता पुढे वाका. निरोगी पाठीत त्या १० चे साधारण १५ होतात. एका दिवसाच्या आकड्याने घाबरू नका. दर महिन्याला त्याच वेळी मोजलं की पाठ कुठल्या दिशेला चाललीय ते दिसतं, आणि तपासणीत ‘बरं वाटतंय’ यापेक्षा ते जास्त कामाला येतं.

उपचार सूज कमी करणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांनी सुरू होतात. त्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्या, कारण पोट, मूत्रपिंड आणि रक्तदाब यांवर लक्ष ठेवावं लागतं. व्यायाम मात्र रोजचा: पाठ ताणणं, खोल श्वास, जमलं तर पोहणं, दिवसातून थोडा वेळ पालथं झोपणं. उशी पातळ ठेवा. बिडी-सिगारेट सोडाच, तिने हा आजार जास्त बिघडतो. गोळ्यांनी भागलं नाही तर बायोलॉजिक इंजेक्शनं असतात, म्हणजे प्रतिकारशक्तीतला सूज आणणारा घटक अडवणारी औषधं. त्यांतल्या अ‍ॅडालिमुमॅबचं देशी रूप २०१४मध्ये आपल्याकडे आलं. खर्च अजूनही जड जातो, पण माझ्या पहाटा त्यांनीच परत दिल्या. सुरू करण्याआधी टीबीची तपासणी टाळू नका, कारण अंगात दबून असलेला टीबी या औषधांनी उसळू शकतो.

पायाळू माणसाकडून पाठीवर लाथ मारून घेणं, हाडवैद्याकडून पाठ मोडून घेणं हे या आजारात अजिबात नको. चिकटलेले मणके ठिसूळ असतात, तडकतात. साधं पडल्यावरही मान किंवा पाठ नव्याने दुखू लागली तर फ्रॅक्चर नाही याची खात्री करून घ्या.

आणि डोळा. एक डोळा लाल झाला, ठणकू लागला, उजेड सोसवेना, तर ‘डोळे आलेत’ म्हणून दुकानातून थेंब आणू नका. डोळ्याच्या मधल्या थराला सूज येते, तिला युव्हायटिस म्हणतात, आणि उशीर केला तर नजर कमी होऊ शकते. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा आणि पाठीचा आजार त्यांना आधी सांगा.