हार्लेममधला तो जॅझवाल्यांचा फोटो कसा बघायचा

फोटो म्हणजे ‘अ ग्रेट डे इन हार्लेम’ नावाने ओळखला जातो तो. पहिली गोष्ट, त्यात कोण कोण आहे ती नावांची यादी आधी उघडू नका. ५७ वादक-गायक आहेत, यादी हातात घेतली की हा कोण तो कोण करण्यातच वेळ जातो आणि फोटो बघायचा राहूनच जातो. मोठ्या साईजमध्ये उघडा आणि नुसतं बघत बसा.

आता तारीख डोक्यात ठेवा, १२ ऑगस्ट १९५८, न्यूयॉर्क, हार्लेममधली १२६वी स्ट्रीट, एका जुन्या घराच्या पायऱ्या. एस्क्वायर मासिकाला जॅझवर विशेष अंक काढायचा होता. फोटो काढणारा आर्ट केन मुळात आर्ट डायरेक्टर, फोटोग्राफर म्हणून त्याचं हे पहिलंच मोठं काम. बोलावलं होतं सकाळी दहाला, आणि रात्रभर क्लबमध्ये वाजवणाऱ्या माणसांसाठी सकाळचे दहा म्हणजे मध्यरात्रच की! किती जण येतील हे त्यालाही माहीत नव्हतं. आले ते एकमेकांना भेटण्यातच रमले, मिठ्या, गप्पा, कोणी जागेवर उभं राहायलाच तयार नाही. हे कळलं की फोटोतला विस्कळीतपणा वेगळाच दिसायला लागतो, मला तर तोच सगळ्यात जास्त आवडतो, शिस्तीत रांगा लावल्या असत्या तर तो शाळेचा ग्रुप फोटो झाला असता.

मग कडेपासून सुरुवात करा. एकदम उजवीकडे ट्रम्पेटवाला डिझी गिलेस्पी, आणि त्याच्याजवळ दुसरा ट्रम्पेटवाला रॉय एल्ड्रिज मान वळवून मागे त्याच्याकडेच बघतोय, कारण डिझी त्याला चिडवत होता. पुढे फुटपाथच्या कडेला बँडलीडर काउंट बेसी बसलाय, उभं राहून दमला म्हणून, आणि शेजारी गल्लीतली पोरं येऊन बसली तर केनने तीही फ्रेममध्ये राहू दिली. डावीकडे फिकट जॅकेटमध्ये पियानोवादक थेलोनियस मंक. बाकीचे गडद कपड्यांत येतील असं धरून त्याने मुद्दाम तो रंग निवडला, आणि उभा राहिला मेरी लू विल्यम्स आणि मरियन मॅकपार्टलंड या दोन पियानोवादक बायकांच्या शेजारी, म्हणजे नजर तिकडे जाणारच. अख्ख्या फोटोत बायका तीनच, तिसरी गायिका मॅक्सीन सलिव्हन.

यानंतर पिढ्या बघा. पियानोवादक लकी रॉबर्ट्सचा जन्म १८८७चा, सॅक्सोफोनवाल्या सनी रोलिन्सचा १९३०चा, आणि दोघं एकाच फ्रेममध्ये! कोलमन हॉकिन्स आणि लेस्टर यंग दोघंही आहेत, टेनर सॅक्सोफोनच्या दोन अगदी वेगळ्या वाटा. हॉकिन्सचं १९३९चं बॉडी अँड सोल ऐका, मग लेस्टरने बेसीच्या बँडमध्ये वाजवलेलं काहीही लावा, एक भरदार आवाजाचा, दुसरा हलका, तरंगणारा, आणि मग परत फोटोत दोघांना शोधा. फोटो जानेवारी १९५९च्या अंकात आला आणि त्याच मार्चमध्ये लेस्टर गेला.

सगळ्यात शेवटी यादी उघडा आणि जे नाहीत तेही बघा. जॅझमधली एवढी मोठी नावं, पण ड्यूक एलिंग्टन नाही, लुई आर्मस्ट्राँग नाही, माइल्स डेव्हिस नाही. आणि पियानोवादक विली ‘द लायन’ स्मिथ तर त्या सकाळी तिथे आला होता, पण उभं राहून कंटाळला, शेजारच्या घराच्या पायरीवर जाऊन बसला, आणि नेमका तोच शॉट मासिकासाठी निवडला गेला ज्यात तो नाहीये.