पावसाळ्यात गाईच्या दुधाची फॅट उतरली तर काय करावं

जून-जुलैत बांधावर कोवळं गवत आलं की दूध वाढतं, पण डेअरीत फॅट ३.५ टक्क्यांच्या खाली लागते. कोवळ्या गवतात ८० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं आणि चोथा, म्हणजे तंतुमय भाग, कमी. दुधातल्या फॅटचा मोठा भाग गाय याच चोथ्यापासून बनवते: पोटातले जिवाणू तो कुजवून अ‍ॅसिटिक आम्ल तयार करतात आणि त्यातून कासेत फॅट बनते.

आधी गोठा बघा. खाऊन निवांत बसलेल्या दहा गाईंपैकी पाचहून कमी रवंथ करत असतील, शेण पातळ पसरत असेल, तर चोथा कमी पडतोय.

हिरवं टाकण्याआधी, सकाळीच, प्रत्येक गाईला २-३ किलो कडबा किंवा भाताचा पेंढा खाऊ घाला. कुट्टी, म्हणजे चाऱ्याचे तुकडे, इंचभर ठेवा. भुशासारखी बारीक केली तर रवंथ घटते, लाळ कमी सुटते आणि पोट आंबट होतं. हिरवा चारा एकदम नको, ८-१० दिवसांत वाढवत न्या. ४०० किलोच्या दुभत्या गाईला कोरड्या हिशेबाने, म्हणजे पाणी वगळून, साधारण १२ किलो खाद्य लागतं. त्यातला निम्म्याहून जास्त चारा हवा. ३० किलो कोवळं गवत या हिशेबात जेमतेम ५-६ किलोच भरतं. पेंड दोन-तीन वेळा विभागून द्या. फॅट वाढावी म्हणून खाद्यावर तेल ओतू नका. चोथा पचवणारे जिवाणू त्याने मरतात आणि फॅट उलट उतरते.

जातीची मर्यादा मात्र मान्य करावीच लागते. एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) साडेतीन-चारच्या आसपास राहते; जर्सी आणि गीर साडेचार-पाचला जातात. एचएफला काहीही चारलं तरी ती जर्सी होत नाही.

हिरव्या चाऱ्याला दोष देऊन तो बंद करू नका. त्यातल्या कॅरोटीनने लोणी पिवळं होतं आणि गवतातल्या स्निग्धांमुळे मऊही राहतं. नुसत्या कडबा-पेंडीवरचं लोणी घट्ट आणि फिकट निघतं. जर्सीचं लोणी जास्त पिवळं, म्हशीचं पांढरंच, कारण म्हैस कॅरोटीनचं अ जीवनसत्त्व करून टाकते.

एवढं करूनही फॅट लागत नसेल तर धार काढण्याची पद्धत तपासा. पहिल्या धारा पातळ, शेवटच्या सगळ्यात दाट असतात. वासराला शेवटी सोडलं की ती फॅट त्याच्या पोटात जाते. वासराला दूध पाजायचंच, पण त्याचा वाटा पहिल्या धारांतून द्या, कास पूर्ण निपटा आणि नमुना देण्याआधी कॅनमधलं दूध खालपर्यंत ढवळून घ्या.