‘जुजुबा’ म्हणजे नक्की कोणतं बोर? सारख्या शास्त्रीय नावांचा गुंता सोडवताना

हर्बेरियम शीटच्या (वाळवलेला वनस्पती-नमुना चिकटवलेल्या कागदाच्या) लेबलवर नुसतं ‘झिझिफस जुजुबा’ लिहिलेलं असेल, तर झाड कोणतं ते नावावरून ठरत नाही. मिलरने १७६८ मध्ये हे नाव चिनी बोराला दिलं. लामार्कने १७८९ मध्ये लिनियसच्या ‘ऱ्हॅम्नस जुजुबा’वरून तेच नाव आपल्या बोराला दिलं. अक्षरन्‌अक्षर तेच नाव, झाडं मात्र दोन! नियमानुसार आधीचं नाव टिकतं आणि नंतरचं होमोनिम (दुसऱ्या झाडाला दिलेलं तेच नाव) बाद होतं. म्हणून आपलं बोर आज झिझिफस मॉरिशियाना. जुन्या फ्लोरांत (एखाद्या प्रदेशातल्या वनस्पतींच्या ग्रंथांत) आणि फळबागांवरच्या पुस्तकांत मात्र ते अजून ‘जुजुबा’च आहे.

म्हणून नाव उतरवताना ऑथरसकट, म्हणजे नाव देणाऱ्याच्या नावासकट, उतरवा. ‘मिल.’ (मिलर) असेल तर चिनी बोर, कंसात ‘एल.’ (लिनियस) आणि पुढे ‘लॅम.’ (लामार्क) असेल तर आपलं. ‘लॅम., नॉन मिल.’ (लामार्कचं, मिलरचं नव्हे) असं दिसलं, तर लिहिणाऱ्याला हा घोळ माहीत होता असं समजा. ‘ऑक्ट.’ (ऑक्टोरम, म्हणजे ‘लेखकांचं’) असेल तर ते वेगळं नाव नव्हे. कुणीतरी खरं नाव चुकीच्या झाडाला लावलं आहे.

मग आयपीएनआयवर (वनस्पतींच्या नावांची आंतरराष्ट्रीय ऑनलाइन सूची) नाव कुठे, कधी प्रसिद्ध झालं ते बघा. ‘नॉम. इलेज.’ (नियमबाह्य नाव) हा शेरा असेल तर आधीचं नाव शोधा. आज ग्राह्य नाव कोणतं, ते पीओडब्ल्यूओवर (‘प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’ या संकेतस्थळावर) मिळेल. एवढं झालं की नमुन्याकडे वळा, कारण लेबलवरचा ऑथरही चुकलेला असू शकतो. पान उलटं करा: आपल्या बोराच्या पानाची खालची बाजू दाट, पांढुरक्या लवीची असते, चिनी बोराची जवळजवळ गुळगुळीत. दोन्हींना बुडापासून तीन शिरा असतात, त्यामुळे शिरांवर जाऊ नका.

एका-दोन अक्षरांचा फरक हा वेगळा विषय. एकाच प्रजातीत (जीनस, नावातला पहिला शब्द) ‘चायनेन्सिस’ आणि ‘सायनेन्सिस’, किंवा ‘सिलॅनिका’ आणि ‘झेलॅनिका’ अशी दोन जातिनामं (नावातला दुसरा शब्द) आली, तर वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय नामकरण संहितेचा अनुच्छेद ५३ त्यांना होमोनिमच मानतो. प्रजाती वेगळ्या असतील तर प्रश्नच नाही: चहा कॅमेलिया सायनेन्सिस, जोजोबा सिमंडसिया चायनेन्सिस, दोन्ही सुखाने नांदतात. रुबिया (मंजिष्ठेची प्रजाती) आणि रुबस यांत गोंधळ होण्यासारखं काही नाही, असं संहितेतच उदाहरण आहे. दर्भाची डेस्मोस्टॅकिया आणि आफ्रिकेतल्या झाडाझुडपांची डेस्मोस्टॅकिस यांचंही तेच. आमच्या मते हे उदाहरण जरा उदार आहे. काठावरच्या जोडीबद्दल वनस्पती-नामकरणाच्या जनरल कमिटीकडे निर्णय मागता येतो.

नाव देवनागरीत उतरवून ठेवाल तर फसाल. ‘झिझिफस’मध्ये दुसऱ्या झेडनंतर ‘आय’ की ‘वाय’, ते कळतच नाही (‘आय’ ग्राह्य, ‘वाय’ हा स्पेलिंगचा प्रकार, वेगळी प्रजाती नव्हे).

नावांची यादी जीबीआयएफवर (जैवविविधतेच्या नोंदींचं जागतिक संकेतस्थळ) जुळवलीत, तर मॅच टाइपमध्ये ‘फझी’ (नाव तंतोतंत नव्हे, अंदाजे जुळलं) आलेली प्रत्येक ओळ हाताने तपासा, आणि किंगडम ‘प्लांटी’ (वनस्पती) आहे ना तेही बघा. वनस्पती आणि प्राण्यांच्या संहिता वेगळ्या असल्याने ‘पिएरिस’ हे हिमालयातलं झुडूपही आहे आणि कोबीवरचं पांढरं फुलपाखरूही.

निर्णय झाला तरी लेबलवरचं जुनं नाव खोडू नका. शेजारी नवी डिटर्मिनेशन स्लिप (ओळख नोंदवणारी चिठ्ठी) चिकटवा: ऑथरसकट नाव, तुमचं नाव, तारीख.