हुर्राक पाजायचाय? आधी फ्रीझर उघडा

रविवारी हुर्राकाचा, म्हणजे काजूच्या फळापासून गाळलेल्या गोव्याच्या दारूचा, बेत असेल तर तयारीला शुक्रवारी लागा, आणि सुरुवात बाटलीपासून नाही, बर्फापासून करा. गेल्या एप्रिलात पुण्याहून आमच्याकडे गोव्याला चुलतभावंडं आली होती, घरचे धरून आठ माणसं. हुर्राक फर्स्ट क्लास, लिंबं ताजी, मिरची परसातली आणि फ्रीझरमध्ये बर्फाचे दोन ट्रे. एका ट्रेत चौदा खडे. पहिली फेरी पुरी व्हायच्या आधीच खडखडाट. मग एका उत्साही भावाने स्कूटर काढली आणि मासळीबाजारातून लादीचा तुकडा आणला. तो बर्फ माशांसाठी असतो हो! कुठल्या पाण्याचा केलाय कुणास ठाऊक. महाराष्ट्रात २०१८ पासून असा बर्फ ओळखू यावा म्हणून निळसर रंगवायचा नियम केलाय, तो उगाच नाही. मी तुकडा मोरीत टाकला आणि सगळ्यांनी कोमट हुर्राक प्यायला. गार असताना बोंडूचा (काजूच्या फळाचा) जो वास हवाहवासा वाटतो, तोच कोमट झाला की नाकात जाऊन बसतो.

तर हिशेब करा. ७५० मिलीची बाटली, ग्लासाला ७५ मिली, म्हणजे बाटलीत दहा ग्लास. आठ माणसांना दोन बाटल्या, वीस ग्लास. ग्लासाला सात खडे धरले तर एकशे चाळीस. दोन ट्रेंचे अठ्ठावीस. बसा आता वाजवत. म्हणून शुक्रवारपासून ट्रे भरा, गोठले की खडे झाकणाच्या डब्यात काढा, ट्रे पुन्हा भरा. उन्हाळ्यात वीज जाते, तेव्हा शनिवारी रात्रीपर्यंत डबा भरलेला हवा. काही बर्फ स्टीलच्या वाट्यांत लावा. मोठा खडा सावकाश विरघळतो, पेय पाणचट होत नाही. आणि झाकण, झाकण, झाकण! फ्रीझरमध्ये सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, असतील (आपल्याकडे असतातच) तर उघड्या बर्फाला तो वास लागतो. एवढं जमत नसेल तर दुकानातून खाण्याच्या बर्फाची पिशवी आणा, पण आणा.

हुर्राक ओळखीच्या भाटीवरचाच (दारू गाळायच्या भट्टीवरचाच) घ्या. बोंडूचा रस आंबवून पहिल्यांदा गाळला की हुर्राक, पुन्हा गाळला की फेणी. हुर्राकात अल्कोहोल साधारण १५ टक्के, फेणीत ४० च्या वर. मार्च ते मे एवढाच त्याचा हंगाम, आणि तो टिकाऊ नाही. वर्षभर जपून ठेवायची चीज नव्हे. बाटल्या आदल्या रात्रीच फ्रीजमध्ये ठेवा. लिमका किंवा सोडाही. बाटली गरम असली की निम्मा बर्फ तिलाच गार करण्यात जातो, म्हणजे फिरून परत बर्फच कमी पडला.

लिंबं कागदी, पातळ सालीची, दोन ग्लासांना एक. एप्रिलात महाग असतात, म्हणून लोक चोथा होईपर्यंत पिळतात आणि सालीचा कडवटपणा रसात उतरवतात. तसं करू नका. रस आयत्या वेळी काढा; सकाळी काढलेला संध्याकाळी मेलेला असतो. मिरची उभी चिरायची, देठ ठेवून, एका ग्लासात एक. तिखट झेपत नसेल त्याच्यासाठी बिया काढा, आणि मग तो हात डोळ्याला लावू नका. मीठ चिमूटभर.

पुदिन्यावरून आमच्याकडे भांडण आहे. जुन्या माणसांच्या मते लिंबू, मीठ, मिरची, संपलं. पुदिना घालायचा तर चटणी करा. मी घालते. ग्लासाला सहा-सात पानं, धुऊन कोरडी केलेली, दोन तळव्यांत ठेवून एक टाळी वाजवायची, बस. खलबत्त्यात कुटलात तर हिरवा, कडू लगदा होतो आणि दातांत अडकतो. काड्या पाण्यात उभ्या ठेवा, नाहीतर पाहुणे येईपर्यंत काळ्या पडतात.

ग्लासात आधी मीठ, लिंबू, मिरची, पुदिना. मग बर्फ, काठापर्यंत. दोन खडे टाकून दानशूर होऊ नका. मग हुर्राक, वर लिमका. एकदाच ढवळा.

खायला खारे शेंगदाणे, कैरीच्या फोडी, तळलेलं काहीतरी. पोट रिकामं नको, कारण हा सरबतासारखा उतरतो आणि उठून उभं राहिलं की कळतो. वर बिअर नको, फेणी तर नकोच. साधं पाणी भरपूर ठेवा. गाड्यांच्या किल्ल्या आधीच काढून घ्या, राहणाऱ्यांची अंथरुणं घाला. पुण्याला बाटली नेतो म्हणणाऱ्याला सांगा, परवान्याशिवाय गोव्याची दारू महाराष्ट्रात नेणं गुन्हा आहे. इथेच पी.

बर्फाचा डबा टेबलावर मांडून ठेवू नका, लागेल तसा फ्रीझरमधून काढा. मोजलात ना? एकशे चाळीस. जाऊन पुन्हा बघा.