पहिल्या पावसावर माळात जनावरं घालू नका

माण-खटाव, आटपाडी, जत, करमाळा या पट्ट्यात मृगाचा पाऊस पडून आठ दिवस झाले, की माळ पोपटी दिसायला लागतो. कडबा संपलेला असतो, मग माणूस शेरडं-मेंढरं आणि गुरं सगळीच सोडतो. बरड जमिनीचा घात होतो तो इथं. दोष मात्र पावसाला दिला जातो.

या जमिनीत कुदळ मारून बघा. वर जेमतेम वीतभर तांबूस-करडी माती, खाली लगेच मुरूम. पाणी झरकन निघून जातं आणि ओल धरायला काळ्या रानासारखी खोली नाही. कर्ब कमी. कुठं कुठं चुनखडीचे पांढरे खडे. तिथं स्फुरद (फॉस्फरस) अडकून बसतं, लोह लागू होत नाही आणि लिंबू-मोसंबी पिवळी पडते. अशा रानाचा खरा धनी गवतच. बाजरी, हुलगा, मटकी चांगल्या पावसाच्या वर्षी घ्या. खड्डे घेऊन बोर, सीताफळही येतं.

आता मूळ मुद्दा. गवताचं जुनं ठोंब पहिली पानं काढतं ती मुळातल्या साठ्यावर. ती पानं खाल्ली गेली की परत फुटायला ताकद उरत नाही. असं दोन-तीन वर्षं झालं की पवन्या, मारवेल, डोंगरी ही चांगली गवतं जातात आणि टोकदार बियांचं कुसळ गवत माजतं. कुसळं मेंढराच्या लोकरीत, कातड्यात घुसतात, ते धनगराला सांगायला नको. वर ओल्या मातीत खूर रुतले की ती दबते, उन्हानं खपली धरते आणि पुढचा पाऊस मुरायचा सोडून वाहून जातो. तारेच्या एका कुंपणाशी मी दोन्ही बाजूंनी बसून पाहिलंय: आत गुडघाभर मारवेल, बाहेर कुसळ आणि उघडा मुरूम. पाऊस तोच, माती तीच.

म्हणून पहिल्या चांगल्या पावसापासून दीड-दोन महिने चराईबंद. माझा आडाखा साधा आहे: माळावर टाच दाबून ठसा उमटला, तर त्या दिवशी जनावर आत नको. कुरणाचे चार भाग पाडा आणि दरवर्षी त्यातला एक भाग बी पडून जाईपर्यंत राखा.

बाकी कामं:
– उताराला आडवे समपातळी चर. नांगरट नको, मुरूम वर येतो.
– अंजन गवत हेक्टरी ५ किलो, मागच्या वर्षीचं बी; ताजं बी नीट उगवत नाही.
– अंजनाचं बी हलकं, वाऱ्यावर उडतं. ओलसर मातीत कालवून वरच्या वर पेरा.
– स्टायलो (शेंगवर्गातला चारा) हेक्टरी ५ किलो, बी ८० अंशांच्या पाण्यात ४–५ मिनिटं बुडवून.
– मारवेलचे ठोंब पाऊस स्थिरावल्यावर.
– नत्र ४० किलो, स्फुरद २० किलो हेक्टरी. नत्र दोन हप्त्यांत, ओल असतानाच.
– कापणी फुलोऱ्यात, बुडखा चार बोटं ठेवून.

दुकानदार याच दिवसांत ‘जमीन सुधारक’ नावाची बाटली नाहीतर जिप्समची पोती गळ्यात मारतो. जिप्सम चोपण, म्हणजे सोडियम साचून बिघडलेल्या जमिनीसाठी असतं. साध्या चुनखडीच्या बरडावर ते टाकून काही होत नाही. आधी माती तपासा. अहवालात चोपण असल्याचं आलं नाही, तर पैसे खिशातच ठेवा. गवत उपटून मेलेल्या माळाला बाटलीतलं काहीही परत आणत नाही.

“मग तोवर जनावरांनी खायचं काय?” हे मला दरवर्षी विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. बांधावरची शेवरी, सुबाभूळ छाटून घाला. उरलेली वैरण मोजून टाका. तेवढ्यानं भागत नसेल, तर गोठ्याजवळचा एकच तुकडा चराईला सोडा आणि पुढच्या वर्षी तुकडा बदला.