दुपारच्या उन्हात टर्बो गाडी ओढत नाही? आधी हे तपासा

सकाळी सहाला जो चढ गाडी तिसऱ्या गिअरवर आरामात चढते, त्याच चढाला दुपारी दोन वाजता दुसरा टाकावा लागतो, त्यात एसी चालू असला तर अजूनच जड, आणि मग लगेच डोक्यात येतं की टर्बो गेला. बहुतेक वेळा गेलेला नसतो. उन्हाने गळालेला जोर कुठला आणि खरा बिघाड कुठला हे वेगळं करता आलं की निम्मं काम झालं.

आधी आत काय होतं ते बघू. २० अंशाला एक घनमीटर हवेचं वजन साधारण १.२० किलो असतं, ४० अंशाला १.१३, म्हणजे तेवढ्याच जागेत हवा जवळपास ६ टक्के कमी आणि त्याच हिशोबाने ऑक्सिजनही कमी. टर्बो हवा दाबून आत कोंबतो त्यामुळे ही तूट तो थोडीफार भरून काढतो, पण हवा दाबली की तापते, सायकलला हवा मारताना पंपाचं खालचं टोक चटका देतं ना, तसंच. ४० अंशाची हवा दुप्पट दाबाला नेली तर टर्बोतून निघताना ती १३०-१४० अंशाच्या आसपास असते. ती गार करायला इंटरकूलर आहे, पण बहुतेक गाड्यांत तो बाहेरच्या हवेवरच गार होतो, आता बाहेरच भट्टी असेल तर तो तरी काय करणार.

मग पेट्रोल गाडीत नॉकिंगची, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन अवेळी भडकून ठोके बसण्याची, भीती वाढते. नॉक सेन्सरला चाहूल लागली की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, टायमिंग मागे घेतो, म्हणजे ठिणगी थोडी उशिरा पाडतो, वेळ पडली तर बूस्टही, म्हणजे टर्बोचा दाबही, कमी करतो. डिझेलचं गणित वेगळं, तिथे हवा कमी असेल तर ईसीयू डिझेल कमी सोडतो, नाहीतर धूर आणि एक्झॉस्टची उष्णता दोन्ही वाढतात. थोडक्यात गाडी मुद्दाम हात आखडता घेते, आणि ते बरंच आहे.

आता कामाला लागू. पहिलं म्हणजे सकाळ-दुपारची टेस्ट. एकच चढ, तेवढीच माणसं, दोन्ही वेळा एसी बंद, इंजिन पूर्ण गरम. फक्त दुपारीच मंद वाटली तर उन्हाचा परिणाम. गार हवेतही ओढत नसेल तर उन्हाला दोष देऊ नका, सरळ पुढच्या तपासणीला लागा.

साधा ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून त्यातले आकडे दाखवणारं यंत्र, असेल तर इंटेक एअर टेंपरेचर, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान, बघा. काही गाड्यांत हा सेन्सर टर्बोच्या आधी असतो, त्यामुळे आपल्या गाडीत कुठे आहे ते आधी विचारून घ्या, नाहीतर आकडा छान दिसेल आणि अर्थ काहीच निघणार नाही. इंटरकूलरच्या नंतर असेल तर एकसारख्या वेगात आकडा बाहेरच्या तापमानापेक्षा १५-२० अंशांनी जास्त असणं चालतं. ट्रॅफिकमध्ये उभं राहिलं की तो भराभर चढतो, गाडी पळायला लागली की काही मिनिटांत उतरायला हवा. उतरतच नसेल तर इंटरकूलरपर्यंत हवा पोचत नाहीये.

म्हणून पुढचं काम, खाली वाकून बंपरच्या जाळीतून टॉर्च मारा. किडे, सुकलेली पानं, चिखल, कधी कधी प्लास्टिकची पिशवीसुद्धा अडकलेली असते. इंजिन गार असताना साध्या पाइपच्या पाण्याने धुवा, वॉशिंगची प्रेशर गन जवळून मारू नका, इंटरकूलरच्या फिन्स, म्हणजे पातळ पट्ट्या, इतक्या नाजूक असतात की एका फटक्यात आडव्या होतात. जाळीवर हौसेने लावलेले जादा दिवे, बोर्ड वगैरे काढा.

नंतर इंटरकूलरचे होज, म्हणजे हवा नेणारे रबरी पाइप. जोडाला बोट फिरवा, तेलाचा हलका ओशटपणा चालतो, पण क्लिपच्या खाली ओलं ओघळलेलं असेल तर तिथून हवा निसटते आहे. एक्सिलेटर दाबल्यावर नवीनच फुस्स आवाज येणं हीसुद्धा त्याचीच खूण. टर्बो बदलायला सांगितलं तर आधी या क्लिपा बघायला लावा.

एअर फिल्टरबद्दल माझा मूर्खपणा सांगतो. मी एकदा कंपनीचा डबा काढून उघडा फिल्टर बसवला, आवाज काय भारी यायचा, पण तो बसला होता बोनेटखाली, त्यामुळे इंजिनची गरम हवाच ओढत होता. दुपारी गाडी आधीपेक्षा मंद. पंधरा दिवसांत गुपचूप जुना डबा परत बसवला.

पेट्रोलचं म्हणाल तर मॅन्युअलमध्ये जास्त ऑक्टेनची, म्हणजे सहज नॉकिंग न होणाऱ्या पेट्रोलची, शिफारस असेल तर उन्हाळ्यात ती पाळा, डिझेलवाल्यांचा ऑक्टेनशी संबंध नाही. ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलंय त्याच ग्रेडचं, उन्हाळा आहे म्हणून मनाने जाड टाकू नका. छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनाला एपीआय एसपी दर्जाचं ऑइल चालत असेल तर उत्तम, २०२० मध्ये आलेल्या या दर्जात कमी आरपीएमवर अवेळी होणाऱ्या स्फोटापासून संरक्षण धरलेलं आहे.

पण नुसत्या ऑइलवर विसंबू नका, चालवण्यातही बदल हवा. मोठ्या गिअरमध्ये १२००-१४०० आरपीएमवर पाय पूर्ण दाबणं बंद करा, एक गिअर खाली घ्या. उन्हात उभी असलेली गाडी काढल्यावर पहिली पाच मिनिटं हळू चालवा. चढावर इंजिनच्या तापमानाचा काटा वर सरकायला लागला तर एसी बंद, हीटर फुल, हो, घाम फुटेल पण रेडिएटरला हातभार लागतो. लाल खुणेला टेकला किंवा वाफ दिसली तर बाजूला घेऊन इंजिन बंद, आणि कुलंटचं झाकण गार होईपर्यंत उघडायचं नाही, आतलं पाणी दाबाखाली असतं, तोंडावर उडतं.

जोरात चालवून आलात तर शेवटचे दोन-तीन किलोमीटर सावकाश या, ते जमलं नाही तर मिनिटभर आयडलवर ठेवून मग बंद करा, नाहीतर टर्बोच्या बेअरिंगमधलं ऑइल जागीच जळून काजळी धरतं. चावी काढल्यावरही पंखा किंवा छोटा पंप थोडा वेळ घुं घुं करत राहिला तर घाबरू नका, बऱ्याच गाड्यांत तो तसाच दिलेला असतो.